पानगळीच्या वेळी बागेस खत: काय द्यावे व काय राखून ठेवावे

महसूल खात्यातील आमच्या नोकरीची बरीच वर्षे नाशिक जिल्ह्यातील एका कचेरीत पीकनुकसानीच्या पंचनाम्यांचे तक्ते तयार करण्यात गेली. कडाक्याची थंडी पडली की गावोगावचे पंचनामे येत व त्यांतील आकडे आम्ही तक्त्यात उतरून घेत असू. त्या तक्त्यात नुकसानीचे कारण लिहिण्याकरिता एक रकाना असे. त्यात आम्ही शेकडो वेळा 'थंडी' हा एकच शब्द लिहिला. एकाच शिवारात, एकाच रात्रीच्या थंडीने एकाची बाग करपून जाते आणि बांधाला बांध लागून असलेल्या दुसऱ्याची बाग वाचते, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट दिसत होते. परंतु असे का व्हावे, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा कधी आला नाही. कारकुनाचे काम रकाना भरण्याचे. तो भरला की काम संपले.

निवृत्त झाल्यावर, चिरंजीव नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात असल्यामुळे, लागोपाठ दोन हिवाळे तिकडे काढण्याचा योग आम्हांस आला. तो मुलूख सफरचंदाचा. हाती काम नसल्याने आम्ही रोज बागांतून हिंडत असू व बागाईतदारांशी बोलत असू. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. थंड मुलखात हिवाळ्याच्या तोंडावर बागेस कोणते खत द्यावे, कोणते देऊ नये आणि त्याची कारणे कोणती, हे या पाठात सांगावयाचे आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग हे वाचून आम्हांस काय उपयोग, असे कोणी वाचक म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत धीर धरावा. उपयोग शेवटी सांगितला आहे.

मुलूख व पीक

हिमाचलातील सफरचंदाच्या बागा साधारणपणे समुद्रसपाटीपासून १,५०० ते २,७०० मीटर उंचीवर, डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत आहेत. कुलूच्या खोऱ्यात बंदरोल येथे कॅप्टन ली यांनी १८७० मध्ये बाग लावली. पुढे कोटगढ भागातील थानेदार या गावी सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकेहून येऊन येथेच स्थायिक झालेल्या गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास 'रेड डेलिशस' जातीची रोपे मागवून लावली. त्या गोड जातीने डोंगरातील शेतकऱ्यांचा संसार पालटला.

या झाडाचे वर्ष आपल्या आंब्यापेरूंच्या वर्षाहून फार निराळे असते. चैत्राच्या सुमारास कळी फुटते, आषाढापासून आश्विनापर्यंत उंचीप्रमाणे व जातीप्रमाणे फळ उतरते, आणि कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबर महिन्यात व डिसेंबरच्या आरंभी, पाने पिवळी पडून गळतात. त्यानंतर फाल्गुनापर्यंत झाड उघडे, निश्चल उभे असते. ही झोप त्यास आवश्यक आहे. डेलिशस जातीच्या झाडास ७ अंशांखालील थंडीचे सुमारे हजार ते बाराशे तास मिळाले नाहीत, तर वसंतात कळ्या वेळेवर व सारख्या फुटत नाहीत. म्हणजे थंडी ही या झाडाची शत्रू नव्हे. थंडीस सामोरे जाण्याची त्याची तयारी पुरी झाली आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. ती तयारी बिघडविण्याचे किंवा सुधारण्याचे साधन बागाईतदाराच्या हाती असते, आणि ते साधन म्हणजे खत.

झाड झोपण्याची तयारी कशी करते

दिवस लहान होऊ लागले की झाडास हिवाळ्याची पहिली सूचना मिळते. फांदीच्या टोकाची वाढ थांबते व तेथे शेवटची कळी घट्ट बांधली जाते. कोवळे हिरवे लाकूड पिकून तपकिरी व टणक होते. पेशींतील पाण्याचा अंश कमी होतो व साखरेचा वाढतो. साखरेच्या पाकास गोठण्यास साध्या पाण्यापेक्षा अधिक थंडी लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. नंतर हलकी थंडी पडू लागली की ही तयारी आणखी पक्की होते. अशा रीतीने सिद्ध झालेले झाड शून्याखाली कित्येक अंश उतरलेली थंडीही सोसते. परंतु तेच झाड वाढीच्या भरात असता शून्याखालील दोनतीन अंशांच्या पाल्यानेही त्याचे कोवळे शेंडे मरतात.

याच वेळी दुसरे एक काम आत चाललेले असते. झाड गळणाऱ्या पानांतील ऐवज वाया जाऊ देत नाही. पाने पिवळी पडतात, ती झाड त्यांतील हरितद्रव्य मोडून नत्राचा मोठा भाग, बहुधा निम्मा किंवा त्याहूनही अधिक, सालीत, लाकडात व मुळांत परत ओढून घेते म्हणून. शहाणा गृहस्थ पावसाळ्यापूर्वी धान्य कणगीत भरून ठेवतो, तसाच हा प्रकार होय. वसंतात जमीन अजून गार असते, मुळे आळसावलेली असतात व त्यांस जमिनीतून फारसे काही घेता येत नाही. अशा वेळी फुटणारी कळी, उमलणारे फूल व पहिली पाने मुख्यत्वे या कणगीतील साठ्यावर पोसली जातात. म्हणून पुढील वर्षीच्या फुलोऱ्याचा पाया या वर्षीच्या पानगळीपूर्वीच घातला जातो.

दोन बागांची हकीकत

आम्ही राहत होतो त्या गावी एक वृद्ध बागाईतदार होते. आम्ही महसूल खात्यातील, असे कळल्यापासून ते आम्हांस 'पटवारीजी' म्हणत. आम्ही केवळ कचेरीतील कारकून होतो, हे दोनतीन वेळा सांगूनही त्यांनी ते संबोधन सोडले नाही. त्यांच्या बागेस लागून त्यांच्या पुतण्याची तीन वर्षांच्या कलमांची बाग होती. उंची एक, उतार एका दिशेचा, माती एक, रोपेही एकाच ठिकाणाहून आणलेली.

पुतण्या तरुण, मेहनती व उत्साही होता. कलमे लवकर मोठी व्हावीत म्हणून पावसाळा संपता संपता, सप्टेंबर महिन्यात, त्याने घरात उरलेला युरिया सर्व कलमांस ओंजळ ओंजळ घातला व वर पाणीही दिले. आम्ही ऑक्टोबरात गेलो तेव्हा त्याची कलमे पाहून डोळे निवत. काकांच्या कलमांची पाने फिकी होऊ लागली होती, तर याची हिरवीगार, शेंड्यांना कोवळी तांबूस पालवी. आम्हीही त्याचे कौतुक केले. वृद्ध गृहस्थ मात्र एवढेच म्हणाले, "पटवारीजी, झोपायच्या वेळी ज्याला जेवायला वाढले, तो जागाच राहणार."

नोव्हेंबरच्या मध्यास एका निरभ्र रात्री जोराचा पाला पडला. सकाळी पुतण्याच्या कलमांची सर्व पालवी उकडल्यासारखी लोंबत होती. हिवाळाभर झाडे बाहेरून जिवंत भासली. मार्चमध्ये काकांच्या कलमांच्या कळ्या फुगल्या तेव्हा याच्या साठ कलमांपैकी एकोणीस कलमांत काही हालचाल दिसेना. नखाने साल खरवडून पाहिली तर आत हिरवी असावी ती करडी झालेली, आणि कित्येकांची साल बुंध्याशी उभी तडकलेली. उरलेल्यांचेही शेंडे हातभर खाली छाटावे लागले. बागेकरिता त्याने कर्ज काढलेले होते; तीन वर्षे गेली ती गेलीच, शिवाय नवी रोपे घेऊन फळ येण्याची पुन्हा तितकीच वाट पाहणे आले.

नुकसानीची नोंद करावयास माणसे आली. कारणापुढे त्यांनी 'पाला' असे लिहिले. आम्ही शेजारी उभे होतो. तो कागद पाहताच आम्हांस आमच्या कचेरीतील रकाना आठवला. पाला दोन्ही बागांवर पडला होता. एकीत झाडे झोपली होती, दुसरीत जागी होती. हा फरक कागदावर उमटला नाही, आणि आमच्या हातून तो किती वेळा सुटला असेल याचा हिशेब आता लागणे नाही.

पानगळीच्या आधी व नंतर नत्र का देऊ नये

वरील हकीकतीचे कारण थोडक्यात असे. नत्र हे वाढीचे खत आहे. भाद्रपद-आश्विनात जमीन ऊबदार व ओली असते; त्या वेळी जमिनीत भरपूर नत्र पडले की झाड थांबविलेली वाढ पुन्हा सुरू करते किंवा चालू वाढ लांबविते. लाकूड पिकत नाही, साठा होण्याऐवजी खर्च होतो, व पहिल्याच पाल्यात कोवळा भाग मरतो. लहान कलमांस हा धोका मोठ्या झाडांहून अधिक, कारण त्यांची वाढ मुळातच उशिरापर्यंत चालते.

मग पाने गळून झाड झोपल्यावर, डिसेंबरात, नत्र द्यावे काय? त्या वेळी नवी पालवी फुटण्याचे भय नसते हे खरे. परंतु तेव्हा दुसरे नुकसान होते. युरिया जमिनीत पडला की त्याचा प्रथम अमोनिया व मग जंतूंच्या क्रियेने नायट्रेट बनतो. जमिनीची उष्णता पाच अंशांच्या खाली गेली की ही क्रिया जवळजवळ थांबते. पण हिवाळ्यात मधून मधून ऊन पडून जमीन तापते, तेव्हा ती हळूहळू चालू राहते. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतो व मातीच्या कणांस चिकटून राहत नाही. घेणारे मूळ झोपलेले असल्यामुळे बर्फ वितळून पाणी खाली मुरले की त्याबरोबर तो मुळांच्या पलीकडे जातो. गोठलेल्या जमिनीवर किंवा बर्फावर टाकलेले खत तर उतारावरून वाहून थेट ओढ्यात जाते. म्हणजे पानगळीपूर्वी दिलेले नत्र झाडास घातक ठरते आणि पानगळीनंतर दिलेले खिशास. म्हणून नत्राचा हप्ता कळी फुटण्याच्या दोनतीन आठवडे आधीपर्यंत, म्हणजे त्या मुलखात फेब्रुवारीअखेर किंवा मार्चपर्यंत, राखून ठेवावा.

एक अपवाद: पानांवरील फवारा

या नियमास एक अपवाद आहे. फळ उतरून झाल्यावर, वाढ पूर्ण थांबलेली असता व पाने गळण्याच्या बेतात असता, तेथील बागाईतदार पानांवर युरियाचे पाणी फवारतात. प्रमाण शेकडा ५, म्हणजे २०० लिटरच्या पिंपास १० किलो युरिया. हिरव्या भर पानांवर इतके तीव्र पाणी घातले तर पाने करपतील. परंतु येथे पाने जाणारीच असतात. गळण्यापूर्वी पाने त्यातील नत्र शोषून आत पाठवितात व कणगीत थोडी भर पडते. हे नत्र जमिनीतून येत नसल्याने व टोकाची कळी आधीच बांधली गेली असल्याने नव्या पालवीचे भय नसते.

या फवाऱ्याचा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. सफरचंदावर खवल्या डागांचा एक बुरशी रोग येतो, त्यास 'स्कॅब' म्हणतात. १९८३ मध्ये हिमाचलात त्याची मोठी साथ आली व बागाईतदारांचे अतिशय नुकसान झाले. ही बुरशी हिवाळाभर गळलेल्या पानांत दडून राहते व वसंतात तेथून नव्या पानांवर उडते. युरिया लागलेली पाने जमिनीवर लवकर कुजतात व त्यांतील बुरशीस वाढावयास थारा उरत नाही. झाडावरील फवाऱ्याबरोबर खाली पडलेल्या पानांवरही पाणी पडू द्यावे, ते याचसाठी.

मग पानगळीनंतर काय द्यावे

शेणखत, स्फुरद व पालाश या तीन गोष्टी हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, देण्याचा त्या मुलखात प्रघात आहे व तो सयुक्तिक आहे.

शेणखत मुरण्यास वेळ लागतो. थंडीत ते सावकाश मुरते, बर्फाच्या पाण्याने मातीत मिसळते, व झाड जागे होईल तेव्हा त्यातील ऐवज थोडा थोडा मोकळा होऊ लागतो. मात्र ते पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खताने हुमणीचा उपद्रव वाढतो.

स्फुरद जमिनीत जवळजवळ जागचे हलत नाही. जेथे घातले तेथेच मातीस धरून राहते. ते वाहून जाण्याचे भय नाही, उलट मुळापर्यंत पोचण्यास त्यास अवधी व ओल हवी. म्हणून ते लवकर व मातीत मिसळून देणे हितावह. पालाशही मातीचे कण बरेच धरून ठेवतात; तो झाडातील पाण्याचा तोल सांभाळतो व थंडी सोसण्यास साह्य करतो.

आता मात्रेविषयी. हिमाचलातील बागांकरिता सर्वसाधारण शिफारस अशी आहे की, झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे शेणखत १० किलो, नत्र ७० ग्रॅम, स्फुरद ३५ ग्रॅम व पालाश ७० ग्रॅम द्यावे. दहाव्या वर्षी ही मात्रा पूर्ण होते व पुढे ती वाढवीत नाहीत. म्हणजे दहा वर्षांच्या झाडास शेणखत १०० किलो, नत्र ७०० ग्रॅम, स्फुरद ३५० ग्रॅम व पालाश ७०० ग्रॅम.

पुष्कळ शेतकरी येथेच चुकतात. ३५० ग्रॅम स्फुरद म्हणजे ३५० ग्रॅम सुपर फॉस्फेट नव्हे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद शेकडा १६ असतो, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश शेकडा ६० व युरियात नत्र शेकडा ४६. तेव्हा हिशेब असा करावा: हव्या त्या अन्नद्रव्याच्या ग्रॅमांस शंभराने गुणावे व त्या खताच्या शेकडा प्रमाणाने भागावे.

उदाहरणार्थ, पाच वर्षांच्या एका झाडास:

शेणखत: ५० किलो.
स्फुरद १७५ ग्रॅम, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे १ किलो १०० ग्रॅम.
पालाश ३५० ग्रॅम, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ५८० ग्रॅम.
ही तिन्ही हिवाळ्यात द्यावी.
नत्र ३५० ग्रॅम, म्हणजे युरिया सुमारे ७६० ग्रॅम. हा राखून ठेवावा. निम्मा कळी फुटण्यापूर्वी दोनतीन आठवडे व निम्मा त्यानंतर एक महिन्याने.

अशी शंभर झाडे असल्यास हिवाळ्याकरिता शेणखत पाच टन, सुपर फॉस्फेट ११० किलो व पोटॅश ५८ किलो लागेल. ही सर्वसाधारण मात्रा आहे. माती तपासून घेतली असल्यास तपासणीच्या निकालाप्रमाणे ती कमीजास्त करावी. मातीचा नमुना फळ उतरल्यावर व खत घालण्यापूर्वी घ्यावा. माती आंबट निघाल्यास चुना घालण्यासही हाच हंगाम चांगला, कारण चुन्याचा गुण येण्यास महिने लागतात. मात्र चुना व सुपर फॉस्फेट एकत्र कालवू नयेत, नाहीतर स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन झाडास दुर्मिळ होतो. दोहोंत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

देण्याची रीत

झाडाभोवतीच्या आळ्यास तिकडे 'तौलिया' म्हणतात. हिवाळ्यात गावोगाव तौलिये करण्याचे काम चालू असते. त्याची रीत अशी:

(१) फांद्यांचा विस्तार जेथवर आहे तेथवर गोल आळे हलक्या हाताने खणावे. बुंध्याजवळ खोल खणू नये, मुळे तुटतात.

(२) बुंध्यापासून सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी सोडून, तेथून फांद्यांच्या टोकांखालपर्यंत खत सारखे पसरावे. अन्न घेणारी बारीक मुळे या पट्ट्यात असतात. बुंध्याशी घातलेले खत त्यांस मिळत नाही.

(३) खत मातीत मिसळून घ्यावे. उघड्या उतारावर पसरून ठेवलेले खत पहिल्या पावसाने खालच्या शेजाऱ्याच्या शेतात जाते.

(४) शेणखताचा ढीग बुंध्यास टेकवून कधीही ठेवू नये. बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते, आणि त्या ऊबदार ढिगात उंदीर राहतात व हिवाळ्यात खावयास काही न मिळाल्याने सालच कुरतडतात. साल सर्व बाजूंनी कुरतडली गेली की झाड मेलेच.

(५) वर वाळलेल्या गवताचे दहा ते पंधरा सेंटिमीटर जाड आच्छादन घालावे. तेही बुंध्यापासून दूर. याने बर्फाची ओल टिकते व जमीन एकदम गोठत व एकदम वितळत नाही.

(६) बुंध्यास चुन्याचा हात द्यावा. दिवसा उन्हाने तापलेली साल रात्री एकदम गोठली म्हणजे तडकते. पांढऱ्या रंगाने ती कमी तापते.

भाजीच्या वाफ्यास हाच नियम

परसातील वाफ्यांसही हे तत्त्व लागू पडते. डोंगरात लसूण शरदात लावतात. लावतेवेळी शेणखत, स्फुरद व पालाश पुरे घालतात आणि नत्र थोडेच. हिवाळ्यापूर्वी लसणीची मुळे जमिनीत चांगली रुजावीत, वर पातीचा पसारा वाढू नये, हा हेतू. उरलेले नत्र थंडी ओसरल्यावर पात जोमाने वाढू लागली म्हणजे हप्त्याने देतात. ज्यांनी सर्व नत्र लावणीलाच दिले, त्यांची पात थंडीत पिवळी पडून टोकाकडून जळालेली आम्ही पाहिली.

आपल्याकडे याचा उपयोग काय

आता वाचकांच्या प्रश्नाकडे वळू. वर दिलेले महिने आपल्या बागांस जसेच्या तसे लावू नयेत, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. आपला द्राक्षवेल डिसेंबर-जानेवारीत झोपत नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते व ऐन थंडीत वेलावर पाने व वाढते मणी असतात. निफाड तालुक्यात पारा फार खाली उतरला म्हणजे शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवितात व वेलीस पाणी देतात, ते यासाठीच. तेथे नत्र मुळीच देऊ नये असा नियम सांगणे चुकीचे होईल.

परंतु तत्त्व तेच आहे. थंडीत मूळ मंद असते. त्या वेळी वाढ अडली म्हणून घाबरून नत्राचे हप्ते वाढविले, तर ते त्या घडीस घेतले जात नाहीत, आणि ऊब आल्यावर एकदम घेतले जाऊन वेल कोवळा व नाजूक होतो. दुसरे, कणगीचा न्याय द्राक्षासही लागू आहे. गोडी छाटणीनंतर घड जिरतात, त्या वेळी शेतकरी त्या आठवड्यात काय फवारावे हे विचारीत फिरतो. पण वेलाच्या खोडात व ओलांड्यांत साठा नसेल तर त्या आठवड्यातील उपाय फार थोडे. तो साठा फळ उतरल्यानंतरच्या विश्रांतीत व खरड छाटणीनंतरच्या महिन्यांत, पाने निरोगी ठेवून, करावयाचा असतो. फळ गेले की बागेकडे पाठ फिरविण्याची आपली सवय आहे. हिमाचलातील जाणता बागाईतदार फळ गेल्यावर झाडाकडे वळतो.

अलीकडे आपल्याकडेही काही शेतकरी सफरचंद लावू लागले आहेत. हिमाचलातीलच बिलासपूर जिल्ह्यात, कमी उंचीच्या उष्ण भागात निपजलेली 'एचआरएमएन ९९' ही कमी थंडीवर फळणारी जात त्यांनी आणली आहे. अशांनी सिमल्याचे खतपत्रक भिंतीवर चिकटवून त्यातील तारखा पाळू नयेत. आपले झाड केव्हा थांबते व केव्हा फुटते हे स्वतः पाहून वहीत टिपावे, आणि त्याप्रमाणे खताचे हप्ते लावावेत.

सारांश

(१) थंड मुलखात पावसाळा संपल्यापासून पानगळीपर्यंत जमिनीतून नत्र देऊ नये.
(२) पाने गळण्यापूर्वी झाडावर शेकडा ५ युरियाचा फवारा चालतो.
(३) पानगळीनंतर कुजलेले शेणखत, स्फुरद व पालाश आळ्यात, बुंध्यापासून दूर, मातीत मिसळून द्यावे.
(४) नत्र वसंताकरिता राखून ठेवावे व दोन हप्त्यांत द्यावे.
(५) गोठलेल्या जमिनीवर व बर्फावर कोणतेही खत टाकू नये.
(६) इतर मुलखांत महिन्याकडे न पाहता झाडाच्या अवस्थेकडे पाहावे.

शेवटी एक विनंती. पुढील हिवाळ्यात कोणा वाचकाच्या बागेचे थंडीने नुकसान झाले, तर सरकारी पंचनामा व्हावयाचा तो होईलच. परंतु त्याशिवाय एक पंचनामा त्याने स्वतः करावा. शेजारच्या कोणत्या बागा वाचल्या, त्यांस शेवटचे खत केव्हा व कोणते दिले होते, पाणी केव्हा तोडले होते, आणि आपण काय केले होते, हे चार ओळींत लिहून ठेवावे. डोंगरातील त्या तरुणाने आपली एकोणीस कलमे गेल्यावर ते केले. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा त्याच्या कोठीत युरियाची गोणी तोंड बांधून ठेवलेली होती व तिच्यावर खडूने 'मार्च' असे लिहिलेले होते. आमच्या वाचकांपैकी कोणी अशी टिपणे ठेवीत असल्यास ती या मासिकाकडे पाठवावीत. इतरांस त्यांचा निःसंशय उपयोग होईल.